नाकतोडा, गांधीलमाशी आणि एस्टीचा 80 चा काटा

दापोडीत गाड्यांच्या वेगाचा विषय निघाला की कुणीतरी एस्टीवर येतंच. एस्टी महामंडळाच्या राज्यातल्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक आमच्याकडे आहे, बाकीच्या दोन चिकलठाणा आणि हिंगण्याला. त्यामुळे 'गव्हर्नर' म्हटलं की इथल्या जुन्या माणसांना राजभवनाआधी बसचा वेगनियंत्रक आठवतो. गेल्या महिन्यात सांगवीहून आलेला माझा भाचा मोबाइलवर रिमोटच्या बगी बघत होता. एकीच्या वेगापुढे '50+' लिहिलेलं पाहून तो हिरमुसला. "मावशी, पन्नासच?"

मी खालची बारीक अक्षरं वाचायला लावली. ते पन्नास मैल होते. म्हणजे ताशी 80 किलोमीटर, बसच्या वेगनियंत्रकाला केंद्राच्या नियमाने घातलेली कमाल मर्यादा! ती बगी म्हणजे 'आर्मा' कंपनीची 'टायफॉन थ्री एस'. काखेत धरून जिना चढता येईल एवढीशी गाडी, आणि कंपनीचा दावा एस्टीच्या लाल परीच्या बरोबरीने धावण्याचा. भाच्याचे डोळे असे चमकले की पुढचे चार रविवार आमचे ठरूनच गेले.

पेटीवरचा आकडा नीट वाचा

बगींची तुलना करताना पहिला घोळ होतो तो मैल आणि किलोमीटरचा. अमेरिकी कंपन्या मैलात लिहितात, चिनी कंपन्या बहुधा किलोमीटरमध्ये. आपल्याकडच्या हौशी पोरांना ठाऊक असलेली 'डब्ल्यूएलटॉइज 144001' ही 1/14 मापाची बगी 60 ची म्हणून विकली जाते, ते किलोमीटर. 'ट्रॅक्सस बँडिट व्हीएक्सएल'च्या जाहिरातीतले 70 मात्र मैल, म्हणजे सुमारे 113 किलोमीटर. नुसते आकडे शेजारी ठेवले तर 60 आणि 70 यांत फार अंतर वाटत नाही. खरं अंतर जवळजवळ दुपटीचं आहे.

दुसरा घोळ बॅटरीचा. बँडिटचे ते 70 तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर आणि वेगळं पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) बसवल्यावरचे आहेत. टायफॉनच्या थोरल्या 'सिक्स एस' बगीच्या पेटीत तर बॅटरी नसतेच, ती आपण वेगळी घ्यायची. मग 'पेटीतून काढली तशी', म्हणजे स्टॉक, गाडी नेमकी कुठली म्हणायची? माझ्या मते दोन बगींची तुलना करायची तर मोटर, गिअर, टायर जसे आले तसे ठेवावेत आणि दोघींना सारख्याच सेलची, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी द्यावी. एवढं पाळलं नाही तर शर्यत बॅटऱ्यांची होते, गाड्यांची नाही.

एकाच सालातली दोन कीटक भावंडं

स्टॉक तुलनेचा माझा सगळ्यात लाडका नमुना जपानी आहे. टॅमिया कंपनीने 1984 साली दोन बगी आणल्या, ग्रासहॉपर आणि हॉर्नेट. आपल्या भाषेत नाकतोडा आणि गांधीलमाशी. (आदल्याच वर्षी त्यांचा 'फ्रॉग' येऊन गेला होता. बेडकामागून नाकतोडा!) दोघींचा सांगाडा बराचसा सारखा, पण नाकतोड्यात 380 मापाची लहान मोटर आणि गांधीलमाशीत 540 ची दणकट. बाकी बरंचसं तेच ठेवून मोटर बदलली की गाडीचा स्वभाव कसा पालटतो, हे तेव्हाच्या पोरांना घरच्या अंगणात बघायला मिळालं. चाळीस वर्षांनंतरही दोन्ही गाड्यांची नावं हौशी लोकांच्या तोंडी जोडीनेच येतात.

काकांचा हिशोब

शेजारचे काका एस्टीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी भाच्याकडे आधीपासून असलेली साधी बगी उलटी केली, मागच्या एका चाकावर खडूची रेघ मारली, दुसरं चाक अंगठ्याने दाबून धरलं आणि रेघेचं चाक हळूहळू फिरवत मोटरच्या पिनियनचे फेरे मोजायला लागले. "बाळा, एक चाक धरलंय म्हणून हे दुप्पट फिरतंय. डिफरन्शियल आहे ना! दोन फेरे झाले की एक धरायचा." एवढं विसरलं तर सगळं गणित निम्म्याने चुकतं.

गणित अगदी पाटीवरचं आहे. 27 टर्नची, म्हणजे तारेच्या 27 वेढ्यांची, साधी 540 मोटर 7.2 व्होल्टवर, बिनओझ्याची, मिनिटाला सुमारे 15,000 फेरे घेते. गिअरचं प्रमाण 10 ला 1 धरलं तर चाकाचे 1,500 फेरे. चाक 85 मिलिमीटर व्यासाचं असेल तर एका फेऱ्यात साधारण 26.7 सेंटिमीटर. झाले मिनिटाला 400 मीटर, ताशी 24 किलोमीटर. आता पिनियन 15 दात्यांऐवजी 17 चं लावा, आकडा 27 च्या पुढे जातो. वाढीव दोन दात्यांची किंमत मात्र मोटर तापून वसूल करते. भोसरीच्या कारखान्यांत गिअर कापणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

प्रत्यक्षात हा कागदावरचा वेग मिळत नाही, कारण मोटरवर वजन येतं, वारा अडवतो, बिअरिंग घासतं. गंमत म्हणजे एक गोष्ट उलट्या बाजूने मदत करते. फार वेगात मऊ रबरी टायर फुगतात, चाक मोठं होतं आणि तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते. तरीही विक्रमाच्या मागे लागलेले लोक आतून पट्टा घातलेले, न फुगणारे टायर वापरतात. कारण फुगलेला टायर शेवटी फाटतोच.

स्टॉपवॉचवर विश्वास नको

पहिल्या रविवारी आम्ही सोसायटीच्या आतल्या काँक्रीटवर 20 मीटरवर खडूच्या दोन रेघा मारल्या आणि मोबाइलवर वेळ घेतली. दर वेळी वेगळा आकडा! कारण साधं आहे. ताशी 40 ने जाणारी बगी 20 मीटर 1.8 सेकंदात संपवते. अंगठा 0.2 सेकंद उशिरा पडला की 40 चे 36 होतात. मग आम्ही मोबाइलच्या स्लो मोशनवर आलो. सेकंदाला 240 चित्रं म्हणजे त्याच धावेची 432 चित्रं. पुढचं चाक रेघेवर टेकलेलं चित्र बोटाने शोधायचं, दुसऱ्या रेघेवरचं शोधायचं, मधली मोजायची. भाच्याने ते एवढ्या तन्मयतेने केलं की जेवण गार झालं. जाताना आणि येताना मात्र आकडे जुळेनात. तेव्हा कळलं की आमच्या सपाट वाटणाऱ्या रस्त्याला ड्रेनेजकडे उतार आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी पळवायची आणि सरासरी काढायची.

लांबीच्या पटीत पाहिलं तर

दहापट छोट्या मापाच्या गाडीचा 40 चा वेग दहाने गुणून '400 किलोमीटर' म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही, हवा आणि गुरुत्वाकर्षण काही दहापट लहान होत नाही. त्यापेक्षा हे बघा: 40 सेंटिमीटरची बगी ताशी 40 ने सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ 28 पट पुढे जाते. 11 मीटरची बस 80 ने फक्त दोन पट. बगी डोळ्यांना वेडीपिशी का भासते, ते इथे उमगतं.

आणि लागली तर?

1.6 किलोची बगी 40 च्या वेगात असताना तिच्यातली ऊर्जा ताशी 125 किलोमीटरने आलेल्या सीझन बॉलएवढी असते. साडेतीन किलोची मोठी बगी 110 ला नेली की तसे सतरा चेंडू एकदम. म्हणून हॅरिस ब्रिजकडच्या वाहत्या रस्त्यावर किंवा लहान मुलं खेळतात तिथे ही हौस अजिबात करू नये. मोकळं मैदान, पहाटेची वेळ, आणि बगीच्या वाटेसमोर कुणी उभं राहायचं नाही. याबाबतीत मी भाच्याशी कडक आहे.

माणूस बसलेल्या बगीतही स्टॉक

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या बगींची 'बाहा एसएईइंडिया' स्पर्धा 2007 पासून, पीथमपूरच्या मैदानापासून, चालत आली आहे. तिथे अनेक वर्षं सगळ्या संघांना एकच ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 10 अश्वशक्तीचं इंजिन वापरावं लागे, बदल न करता. फरक पाडायचा तो गिअर, वजन आणि सस्पेन्शनमध्ये. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हीच खरी परीक्षा."

325

रिमोटच्या गाडीचा वेग कुठवर जाऊ शकतो? 2014 सालीच अमेरिकेत निक केस यांच्या गाडीने ताशी 325 किलोमीटर गाठले. ती स्टॉक नव्हती, बगीही नव्हती, जमिनीला चिकटलेली सुरी होती. भाच्याने तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि मग आपली बगी उलटी करून स्पर गिअरमध्ये अडकलेला वाळूचा खडा टूथपिकने काढायला बसला. खडा निघाला, चाक पुन्हा मोकळं फिरायला लागलं, आणि त्याने खडू मागितला.