रक्ततपासणीचा कागद आणि दारूच्या खुणा

सभासद बंधूंनो, एक टन मळीतून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो, हे आपणांस ठाऊक आहेच. तोच मद्यार्क माणसाच्या पोटात गेल्यावर रक्तात काय घडते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले, भाचे घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे नोकरीस आहेत. "मामा, आलाच आहात तर एकदा रक्त तपासून घेऊ," म्हणून ते लॅबोरेटरीत नेतात. संध्याकाळी कागद येतो. त्यात 'एचडीएल', म्हणजे लोक ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ६०-६५ दिसले की रोजचा घेणारा गडी खुशीत येतो. "बघा, दारूनं हृदय चांगलं राहतं!" हा समज जिवावर बेतणारा आहे.

दारूने एचडीएल वाढते हे खरे. पण आकडा वाढला म्हणजे हृदयाचे रक्षण झाले, असे नाही. ज्यांच्यात जन्मतःच एचडीएल वाढवणारे जनुक असते, त्यांना झटके कमी येतात का, हे २०१२ साली मोठ्या संख्येने लोक तपासून पाहिले गेले. फायदा दिसला नाही. आपल्याच देशातल्या निरनिराळ्या उद्योगांतील पुरुष कामगारांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत पिणाऱ्यांना हृदयविकार कमी नव्हता, किंचित जास्तच होता. तेव्हा पिणाऱ्याच्या कागदावरचे वाढलेले एचडीएल ही बहुधा पिण्याचीच एक खूण असते.

त्याच कागदावर 'ट्रायग्लिसराइड' पाहावे. यकृत आधी दारू जाळायला घेते, मग चरबी जाळायची राहून जाते. ती यकृतात साठते आणि रक्तातही उतरते. दीडशेच्या आत असावे ते तीनशे-चारशेवर जाते. हजारावर गेले तर स्वादुपिंड सुजून माणूस थेट इस्पितळात. वर गोडधोड आणि पोटाचा घेर असला तर विचारूच नका.

आता पिण्याच्या खास खुणा. 'जीजीटी' हे यकृतातले द्रव्य पिणाऱ्यात वाढते. सोडल्यावर उतरायला काही आठवडे लागतात, म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री न पिऊन डॉक्टर फसत नाही. 'एमसीव्ही' म्हणजे तांबड्या पेशींचा आकार. रोज पिणाऱ्यात तो शंभरावर जातो, आणि पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने पूर्ववत व्हायला तीन-चार महिने जातात. मात्र जीजीटी लठ्ठपणा, मधुमेह आणि फिटच्या काही औषधांनीही वाढते. बी-बारा कमी असले तरी पेशी मोठ्या होतात. एखाद्या माळकऱ्याचा एमसीव्ही वाढला म्हणून त्याच्यावर आळ घेऊ नये!

'पीईथ' नावाची नवी तपासणी अधिक खात्रीची. पेशीच्या पापुद्र्यातल्या स्निग्ध पदार्थाशी दारूचा संयोग झाला तरच ते द्रव्य तयार होते. दोन-चार आठवड्यांतले पिणे त्यात दिसते.

२०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. ते विष मिथेनॉलचे, एका रात्रीत मारणारे. इथे सांगितले ते सावकाश चालते आणि दुकानातल्या सीलबंद बाटलीनेही होते.

कागद दाखवताना किती घेतो ते डॉक्टरांना खरे सांगावे. रोज भरपूर घेणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये. कापरे, फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.