रुंदकोनी झूम भिंग

छायाचित्रणात ज्या भिंगाचे केंद्रांतर त्यामागील प्रतिमाचौकटीच्या कर्णापेक्षा बरेच कमी असते आणि त्यामुळे ज्याचे दृष्टिक्षेत्र सु. ६०° पेक्षा अधिक असते, त्यास रुंदकोनी भिंग म्हणतात. केंद्रांतर ठराविक मर्यादेत हवे तसे बदलता येण्याची सोय असल्यास ते रुंदकोनी झूम भिंग होय. अंकीय (डिजिटल) कॅमेऱ्यासाठी मिळणारी ही भिंगे किंमतीने परस्परांपासून फार भिन्न असतात. अल्प किंमतीच्या भिंगात काटकसर मुख्यतः छिद्राच्या आकारात, बांधणीत व जलरोधक आवरणात केलेली असते. दिवसाउजेडी भूदृश्य व वास्तू यांची चित्रे घेणाऱ्यास मोठ्या छिद्राची गरज क्वचितच पडते. म्हणून कोणत्या बाबतीत काटकसर चालते व कोणत्या बाबतीत ती अंगाशी येते, हे जाणणे हाच निवडीचा गाभा आहे. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे या समुद्रकाठच्या क्षेत्राची उदाहरणे घेतली आहेत.

ऐतिहासिक आढावा : एमिल बुश यांच्या जर्मन कारखान्याचे ‘पँटोस्कोप’ (१८६५) हे आरंभीच्या रुंदकोनी भिंगांपैकी एक होय. १९०० साली गोर्ट्‌झ कंपनीने ‘हायपरगॉन’ हे १३०° हून अधिक दृष्टिक्षेत्राचे भिंग तयार केले. त्यात चित्राच्या कडा इतक्या काळवंडत की, मध्यभागाचा प्रकाश काही काळ अडविण्यासाठी भिंगासमोर हवेच्या झोताने फिरणारी ताऱ्याच्या आकाराची चकती बसवावी लागे. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग व फिल्म यांच्यामध्ये आरसा हलण्यास जागा लागते. ही अडचण फ्रान्समधील पिएर आंजेन्यू यांच्या ‘रेट्रोफोकस’ (१९५०) या रचनेने दूर केली. ३५ मिमी. स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी फ्रँक बॅक यांनी आराखडलेले ‘झूमार’ (३६–८२ मिमी.) हे पहिले झूम भिंग १९५९ मध्ये फोइग्टलँडर कंपनीने बाजारात आणले.

अंकीय कॅमेऱ्यांनी नवाच प्रश्न उभा केला. बहुसंख्य कॅमेऱ्यांतील प्रतिमा संवेदक ३६ × २४ मिमी. या जुन्या चौकटीपेक्षा लहान होता. त्यामुळे जुने रुंदकोनी भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसविल्यास त्याचे दृष्टिक्षेत्र आकुंचन पावे. यावर उपाय म्हणून निकॉनने १२–२४ मिमी. (२००३), कॅननने १०–२२ मिमी. (२००४) व सिग्माने १०–२० मिमी. (२००५) ही खास लहान संवेदकासाठीची भिंगे काढली. किंमतीच्या दृष्टीने खरा बदल २०१४ साली घडला. त्या वर्षी कॅननचे ईएफ-एस १०–१८ मिमी. एफ/४.५–५.६ हे भिंग अमेरिकेत सु. ३०० डॉलरला विक्रीस आले. निकॉनचे १०–२० मिमी. एफ/४.५–५.६ (२०१७) हे भिंगही जवळपास त्याच किंमतीचे होते. आरसाविरहित कॅमेऱ्यासाठी कॅननने आरएफ-एस १०–१८ मिमी. हे केवळ १५० ग्रॅ. वजनाचे भिंग २०२३ मध्ये आणले.

रचना : अशा भिंगाचा पुढील घटकसमूह प्रकाश फाकविणारा (अपसारी) व मागील समूह तो एकत्र आणणारा (अभिसारी) असतो. त्यामुळे केंद्रांतर १० मिमी. असूनही भिंगाचा मागील भाग संवेदकापासून पुरेसा दूर राहू शकतो. कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून संवेदकापर्यंतचे अंतर ४४ मिमी. व निकॉनच्या कॅमेऱ्यात ४६.५ मिमी. असते. आरसाविरहित कॅमेऱ्यांत ते निकॉन झेडमध्ये १६, सोनी ई-मध्ये १८ व कॅनन आरएफमध्ये २० मिमी. इतके कमी झाल्याने भिंगे लहान व हलकी करणे सुकर झाले आहे.

साध्या सममित भिंगात अक्षापासून दूर जाताना प्रतिमेवरील प्रकाश कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे घटतो. एपीएस-सी आकाराच्या (सु. २३.६ × १५.७ मिमी.) संवेदकावर १० मिमी. केंद्रांतर असता कोपऱ्यात तो मध्याच्या सु. एक-नवमांश उरेल. अपसारी-अभिसारी रचनेमुळे ही घट प्रत्यक्षात पुष्कळच कमी होते.

केंद्रांतराची निवड : एपीएस-सी संवेदकाच्या कर्णावर मोजलेले दृष्टिक्षेत्र १८ मिमी. केंद्रांतरास सु. ७६°, १२ मिमी.स ९९°, ११ मिमी.स १०४° व १० मिमी.स १०९° भरते. म्हणजे या टोकाला १ मिमी.चा फरक सु. ५° चा असतो. ५० मिमी.च्या आसपास तेवढाच फरक जाणवतही नाही. यास्तव झूमच्या लांब टोकापेक्षा आखूड टोकाकडे अधिक लक्ष द्यावे. लांब टोकाचे काम कॅमेऱ्यासोबत सामान्यतः मिळणारे १८–५५ मिमी. भिंग करतेच.

हा फरक अडचणीच्या जागी उपयोगी पडतो. कोकणातील जांभ्या दगडाच्या घराची १० मी. रुंदीची दर्शनी बाजू १८ मिमी.वर एका चित्रात घेण्यासाठी सु. ७.६ मी. मागे जावे लागते, तर १० मिमी.वर ४.२ मी. अंतर पुरते. अंगण लहान असेल, समोर गडगा किंवा विहीर असेल, तर चित्र मिळणे वा न मिळणे यावरच ठरते. माजघर व पडवी यांसारख्या आतल्या भागांची नोंद ठेवू इच्छिणाऱ्यास, तसेच घरगुती निवासाच्या खोल्या प्रवाशांना दाखवू पाहणाऱ्या घरमालकास या भिंगाचा खरा उपयोग होतो. मात्र त्यामुळे लहान खोली ऐसपैस भासते, हे ध्यानात ठेवून खोलीचे मापही सोबत देणे प्रामाणिकपणाचे ठरते.

स्थान आणि यथादर्शन : रुंदकोनी भिंग दृश्य ‘मोठे’ करते, हा सर्वसाधारण गैरसमज आहे. वस्तूंच्या परस्पर आकारांचे प्रमाण भिंगावर नव्हे, तर छायाचित्रकार कोठे उभा आहे यावर अवलंबून असते. गणपतीपुळे येथील पश्चिमाभिमुख मंदिर समुद्रकिनाऱ्यालगत टेकडीच्या पायथ्याशी आहे. ही टेकडीच गणपतीस्वरूप मानली जात असल्याने भाविक सु. १ किमी.ची प्रदक्षिणा टेकडीभोवती घालतात. तेव्हा या स्थळाच्या चित्रात मंदिराइतकेच महत्त्व टेकडीला आहे. टेकडीचा माथा मंदिराच्या दर्शनी भागामागे १०० मी. आहे असे उदाहरणादाखल धरल्यास, २० मी. अंतरावरून घेतलेल्या चित्रात माथ्यावरील वृक्ष तेवढ्याच उंचीच्या पुढील वस्तूच्या एक-षष्ठांश दिसेल. २०० मी. अंतरावरून तो दोन-तृतीयांश दिसेल. जवळून रुंदकोनी भिंगाने घेतलेल्या चित्रात टेकडी खुजी होते. ओहोटीच्या वेळी वाळूवर दूर जाऊन नेहमीच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात ती मंदिरामागे भरदार उभी राहते. जेथे मागे जाण्यास जागा आहे तेथे रुंदकोनी भिंगाची निकड नसते. खरेदीपूर्वी आपल्या आवडीच्या चित्रांपैकी किती चित्रांत मागे जाणे अशक्य होते, याचा विचार करावा.

छिद्राची निवड : एफ/२.८ छिद्राचे भिंग एफ/४.५ च्या भिंगापेक्षा सु. अडीचपट प्रकाश आत घेते, पण त्यासाठी काच, वजन व किंमत ही सर्व वाढतात. १० मिमी. केंद्रांतराचे भिंग एफ/८ वर ठेवून सु. ६५ सेंमी. अंतरावर केंद्रित केल्यास सु. ३३ सेंमी.पासून क्षितिजापर्यंतचे सर्व पुरेसे स्पष्ट उमटते. भूदृश्यासाठी छिद्र असे लहान करावेच लागत असल्याने मोठ्या छिद्रासाठी मोजलेले पैसे तेथे वाया जातात. मंद उजेडातील स्थिर वस्तूंसाठी कंपननिवारणाची सोय अधिक कामाची ठरते. उपर्युक्त १०–१८ मिमी. (२०१४) भिंगात ती चार टप्प्यांची, म्हणजे सोळापट अधिक वेळ झडप उघडी ठेवता येण्याइतकी असल्याचे कॅननचे म्हणणे आहे. परंतु रात्रीची पालखी, दशावताराचा खेळ वा तारांकित आकाश टिपावयाचे असल्यास कंपननिवारण निरुपयोगी ठरते, कारण तेथे विषयच हलत असतो. अशांनी टोकिनाच्या ११–१६ मिमी. एफ/२.८ (२००८) सारखे वापरलेले भिंग पाहावे.

दोष व त्यांचे निवारण : स्वस्त भिंगांत कडांना रंगीत किनार (वर्णविपथन), रेषांना बाक (विरूपण) व कोपऱ्यांत अस्पष्टता आढळते. यांपैकी पहिले दोन दोष संगणकाच्या साहाय्याने बऱ्याच अंशी दुरुस्त होतात. समुद्राचे क्षितिज चित्राच्या मध्याजवळ ठेवल्यास त्याचा बाक दिसत नाही. कॅमेरा वर कलविल्यास मंदिराचे खांब व माडांचे बुंधे आत झुकलेले दिसतात, म्हणून तो शक्यतो सपाट धरावा. समूहचित्रात व्यक्ती कडेला उभ्या केल्यास त्यांचे चेहरे ताणले जातात.

ध्रुवण-फिल्टर हे स्वतंत्र प्रकरण आहे. आकाशातील प्रकाशाचे ध्रुवण सूर्यापासून ९०° वर सर्वाधिक असते. एवढ्या विस्तृत दृष्टिक्षेत्रात आकाशाचा एक पट्टा गडद व बाकीचे फिके उमटते. फिल्टर घेणारच असल्यास त्याचा व्यास खर्चात धरावा. टोकिना ११–१६ ला ७७ मिमी., कॅनन ईएफ-एस १०–१८ ला ६७ मिमी. व आरएफ-एस १०–१८ ला ४९ मिमी. व्यासाचा फिल्टर लागतो.

जुळणी व वापरलेल्या भिंगाची परीक्षा : भिंग व कॅमेरा यांची जुळणी न तपासणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. निकॉनचे १०–२० मिमी. भिंग डी ९० व डी ७००० यांसारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर केंद्रित होत नाही. टोकिना ११–१६ च्या निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत केंद्रीकरणाची मोटर नसल्याने ते डी ३००० वा डी ५००० सारख्या कॅमेऱ्यांवर हातानेच केंद्रित करावे लागते. कॅननची ईएफ-एस भिंगे पूर्ण चौकटीच्या ईएफ कॅमेऱ्यांवर बसत नाहीत, पण आरएफ कॅमेऱ्यांवर अनुकूलकाच्या साहाय्याने चालतात.

वापरलेले भिंग घेताना त्यातून विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून आत बुरशीचे तंतू किंवा धुके आहे काय, ते पाहावे. नंतर जांभ्याच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा समांतर ठेवून एफ/८ वर चित्र घ्यावे व चारही कोपरे ताडून पाहावेत. चारही सारखेच मऊ असतील, तर तो रचनेचा गुण समजावा. एकच बाजू अस्पष्ट असेल, तर घटक जागचे हललेले असण्याचा संभव असतो व असे भिंग स्वस्तातही घेऊ नये.

कोकणातील निगा : रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळातील दमट हवा बुरशीस पोषक असते. भिंग चामडी पिशवीत किंवा कपाटात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावे व जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे. खारे तुषार सुकण्यापूर्वी ओलसर स्वच्छ कापडाने टिपावेत. वाळूचे कण पुसू नयेत, प्रथम फुंकणीने उडवावेत. स्वस्त भिंगास जलरोधक आवरण नसल्याने किनाऱ्यावर ते बदलणे टाळावे.

याहून गंभीर धोका छायाचित्रकारासच असतो. रुंदकोनी भिंगातून पाहताना लाट असते त्यापेक्षा पुष्कळ दूर दिसते. हा किनारा भरतीच्या वेळी धोकादायक असल्याने लाटांच्या जवळ जाताना डोळा कॅमेऱ्यावरून काढून समुद्राकडे पाहात राहणे आवश्यक आहे. मंदिराच्या आत छायाचित्र घेण्यापूर्वी देवस्थानाची अनुमती घ्यावी.

पर्याय : ज्यास अशी चित्रे वर्षातून चार-दोन वेळाच हवी असतात, त्याने भिंग न घेताही काम भागते. १८ मिमी. भिंगाने कॅमेरा उभा धरून, प्रत्येक चित्र पुढील चित्रावर सु. एक-तृतीयांश येईल अशा बेताने चार-पाच चित्रे घ्यावीत व ती संगणकावर जोडावीत. स्थिर भूदृश्यास ही रीत उत्तम आहे. लाटा, गर्दी व अगदी जवळच्या वस्तू असल्यास मात्र सांधे उघडे पडतात. अशी जोडचित्रे घेऊन पाहिल्यावरही अंगणात, पडवीत किंवा सभामंडपात अडचण कायम राहिली, तर १० मिमी.पासून आरंभ होणारे, आपल्या कॅमेऱ्याशी जुळणारे व काच स्वच्छ असलेले लहान छिद्राचे भिंग घेणे किफायतशीर ठरते.