रूपककथा आणि इतिवृत्त

धर्मग्रंथांचे वाचक बहुधा दोन टोकांस आढळतात. काहींना त्यांतील प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घडली असे वाटते. काही जण एखादी अद्भुत गोष्ट दिसताच सारा ग्रंथ खोटा ठरवून मिटून ठेवतात. ग्रंथकार येथे काय सांगू इच्छितो, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. तो कसा विचारावा, हे पाहण्यासाठी श्रीमद्भागवतातील दोन स्थळे घेऊ.

चतुर्थ स्कंधात यज्ञकर्मात गुंतलेल्या प्राचीनबर्हि राजास नारदमुनी एक कथा सांगतात. पुरंजन नावाचा राजा नऊ दारांच्या नगरीत येतो, तेथील सुंदरीसह रममाण होतो व ‘अविज्ञात’ नावाच्या आपल्या मित्रास विसरतो. पाच फण्यांचा नाग नगरी राखीत असतो. पुढे चंडवेग हा गंधर्वराज ३६० गंधर्व व तितक्याच गंधर्वी घेऊन नगरी लुटू लागतो. मागोमाग कालकन्या येते. अर्थ नीट उमगला नाही, असे राजा म्हणतो, तेव्हा नारद स्वतःच उलगडा करतात. पुरंजन हा जीव, नगरी हा देह, सुंदरी ही बुद्धी, नाग हा पंचवृत्तींचा प्राण, चंडवेग हे वर्ष, त्याचे सैनिक म्हणजे दिवस व रात्री, कालकन्या म्हणजे वार्धक्य आणि विसरलेला मित्र म्हणजे ईश्वर. ही नगरी नकाशावर शोधू गेल्यास राजाला दिलेला बोधच हरवेल.

द्वादश स्कंधात मात्र नंद, मौर्य, शुंग, कण्व इत्यादी राजवंशांची यादी भविष्यकथनाच्या रूपाने येते. तीत अशोकवर्धनाचे नाव आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी शिलालेख वाचले, त्यांत राजाचा उल्लेख ‘पियदसि’ असा होता. १९१५ मध्ये तत्कालीन हैदराबाद संस्थानातील मस्की येथे सापडलेल्या लेखात ‘अशोक’ हे नावच मिळाले. अशा मजकुराची शिलालेखांशी व नाण्यांशी तुलना करता येते. तथापि राजांच्या कारकीर्दीची वर्षे निरनिराळ्या पुराणांत निरनिराळी असल्याने तीही पारखूनच घ्यावी लागतात.

नावे व संख्या अर्थसूचक आहेत काय? ग्रंथ स्वतः अर्थ उलगडतो काय? बाहेरचा पुरावा मिळतो काय? वाचताना हे तीन प्रश्न आपण विचारावेत. अशी पारख करणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. प्रत्यक्षाशी विरोध येणाऱ्या वेदवाक्यांचा गौण अर्थ घ्यावा, असा ‘गुणवादा’चा नियम आपल्या मीमांसकांनीच घालून दिला आहे. काही कथांचा निर्णय तरीही लागणार नाही. तेथे घाईने निकाल न देता पुन्हा वाचावे, हेच आम्हांस उचित वाटते.