कोयता पोराच्या हाती दिला कोणी?

पुण्यात अलीकडे कोयते नाचवीत गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांत मिसरूड न फुटलेली पोरे सापडतात. त्यांच्यामागे पुष्कळदा कुणी मोठा 'भाई' असतो. अंगुलिमालालाही बोटे तोडायला त्याच्या गुरूनेच लावले होते! बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८३ प्रमाणे मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे. हे कलम लावा, असा आग्रह आपणच धरायला हवा.

भगिनींनो, १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मात्र १६ पूर्ण झालेल्यावर किमान ७ वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालू शकतो. तेव्हा शाळेचा जन्मतारखेचा दाखला जपून ठेवा. वयाचा पुरावा म्हणून मंडळ आधी तोच पाहते.