टाकीच्या तळाशीं बसलेला मोजणीदार

गच्चीवरच्या टाकींत पाणी किती उरलें आहे, हें पाहण्याचा जुना मार्ग म्हणजे शिडी लावावी, झांकण उघडावें आणि आंत काठी बुडवावी. परंतु टाकी पांच मजले उंच असली, तींत पेट्रोल भरलेलें असलें किंवा ती चोहोंकडून बंद असली, म्हणजे काठी काय कामाची? अशा वेळीं टाकीच्या माथ्यावर चढण्याचें कारण नाहीं. तिच्या तळाशींच विचारपूस करावी. ती कशी, हें आज पाहूं.

द्रवास वजन आहे. म्हणून जों जों खोल जावें तों तों दाब वाढतो. विहिरींत बुडी मारणारास कानांवर जें दडपण जाणवतें तें हेंच. हा दाब टाकीच्या रुंदीवर अवलंबून नसतो, तर खोलीवर असतो, असें स्टेविन नांवाच्या शास्त्रज्ञानें 1586 मध्यें प्रतिपादन केलें. 10 मीटर खोल पाणी अरुंद नळींत असो वा विस्तीर्ण तलावांत असो, तळाच्या दर चौरस सेंटीमीटरवर तें सुमारें 1 किलो भार घालतें. अर्थात् तळाशीं दाबमापक बसविला, कीं त्याच्या कांट्यावरून पाण्याची उंची कळते. 1849 मध्यें बूर्दाँ या फ्रेंच कारागिरानें शोधलेल्या मापकांत एक वांकडी पोकळ नळी असते. दाब वाढला कीं ती सरळ होऊं पाहते व कांटा फिरवते. आतांच्या मापकांत बहुधा एक पातळ पडदा किंचित् दबतो आणि त्याची वर्दी विजेच्या तारेनें दूर पोंचते.

द्रव गढूळ किंवा धातु खाणारा असेल, तर एक नळी तळापर्यंत सोडून तींतून हळूहळू हवा सोडतात. बुडबुडे निघूं लागले, कीं नळींतील हवेचा दाब तेथील द्रवाच्या दाबाइतका झाला असें समजावें. मापक बाहेर कोरडाच राहतो! बंद टाकींत मात्र द्रवाच्या डोक्यावर वायूचाही दाब असतो. म्हणून तेथें वर आणि खालीं असे दोन दाब घेऊन त्यांतील फरक मोजतात.

येथवर सर्व सोपें आहे. पण एक गोष्ट विसरतां कामा नये. हें यंत्र द्रवाची उंची पाहत नाहीं. तें त्याचा भार तोलतें, आणि आपण त्यावरून उंचीचा हिशेब करतों. रॉकेल पाण्याहून हलकें. 10 मीटर रॉकेलाचा दाब सुमारें 8 मीटर पाण्याइतकाच भरतो. पाण्यासाठीं आंखलेला मापक रॉकेलाच्या टाकीस लावला, तर भरलेली टाकी अपुरी दिसेल आणि चालक तींत आणखी ओतीत राहील. द्रव तापला कीं तोही हलका होतो.

हा केवळ पुस्तकी धोका नव्हे. 23 मार्च 2005 रोजीं अमेरिकेंतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत 170 फूट उंच मनोरा भरीत होते. द्रव सुमारें 158 फुटांपर्यंत चढला, तरी यंत्र 8 फुटांच्या आसपासच दाखवीत होतें, आणि तेंही उतरत्या क्रमानें. तें यंत्र दाबाचें नव्हे, बुडालेल्या वस्तूस मिळणाऱ्या उचलीवर चालणारें होतें. परंतु घनतेचा नियम दोहोंस सारखाच. त्याची मोजण्याची धांव तळाच्या 9 फुटांपलीकडे नव्हती, आणि आंखणी निराळ्या घनतेच्या द्रवाची होती. द्रव तापून हलका होत गेला, तसतशी उचल घटली व आंकडाही घटला. पातळी पाहण्याची कांच मळलेली होती. धोक्याची निराळी घंटा वाजलीच नाहीं. अखेर द्रव बाहेर उसळून स्फोट झाला. त्यांत 15 माणसें प्राणांस मुकलीं, सुमारें 180 जखमी झालीं.

तात्पर्य, आंकडा वाचण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: मापक कोणत्या द्रवासाठीं आंखला आहे? तो किती उंचीपर्यंत मोजूं शकतो? आणि त्याची साक्ष पडताळून पाहण्यास दुसरें स्वतंत्र साधन चालू स्थितींत आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें हातीं असलीं, म्हणजे तळाशीं बसलेल्या या मोजणीदारावर खुशाल विश्वास टाकावा.