खेट्याला गेलात की शिखराकडेही बघा

माघातले खेटे सुरू झाले की पहाटेपासून कुशिऱ्याची वाट माणसांनी फुलते. कडेवर लेकरू, पिशवीत नैवेद्य, आणि गायमुखापासूनची चढण. आपण वर पोचतो, दर्शन घेतो, गुलाल उधळतो आणि उतरतो. पण ज्या देवळात आपण उभ्या होतो, ते कधी नीट पाहिलंय का?

आधी खेट्याची गोष्ट. रत्नासुराला मारून केदारनाथ परत हिमालयाकडे निघाले, तेव्हा आपली अंबाबाई करवीरहून चालत गेली आणि त्यांना थांबवून आली, असं सांगतात. त्या चालण्याची आठवण म्हणजे खेटे. म्हणजे या वाटेवर पहिली चालली ती एक बाई! देव दक्षिणेकडे तोंड करून बसला, तोही करवीरावर नजर राहावी म्हणून, अशी श्रद्धा आहे.

आता देवळाकडे येऊ. कोल्हापूरपासून १७-१८ किलोमीटरवरच्या या डोंगराचं, म्हणजे वाडी रत्नागिरीचं, पहिलं देऊळ कुण्या राजानं बांधलेलं नाही. कराडजवळच्या किवळ गावच्या नावजी साया या भक्तानं ते लहानसं देऊळ उभारलं, असं परंपरा सांगते. त्याच जागी १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी आजचं मोठं देऊळ बांधलं. शिखरासह त्याची उंची सुमारे ७७ फूट आहे. जोतिबा हे शिंद्यांचं कुलदैवत. राणोजींच्या एका मुलाचं नावही जोतिबाच होतं. पुढं ग्वाल्हेरला राज्य केलं तरी या घराण्यानं डोंगर सोडला नाही. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ त्याच घराण्यातल्या दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये बांधलं. मधलं चोपडाईचं देऊळ १७५० चं, प्रीतिराव चव्हाण हिंमतबहादूर यांचं. रामलिंगाचं देऊळ साधारण १७८० चं, मालजी निकम पन्हाळकर यांचं. एकाच आवारात पाऊणशे वर्षांतली चार बांधकामं उभी आहेत.

सगळं काम आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचं. हा दगड टणक. त्यावर बारीक नक्षी काढायची तर छिन्नीचा एक घाव चुकला तरी तुकडा उडतो, आणि उडालेला तुकडा परत बसत नाही. पुढच्या वेळी थोडं मागं सरकून शिखराकडे बघा. मोठ्या शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरं कशी चढत गेलीत, ते दिसेल. देवासमोरच्या छोट्या घुमटीत काळ्या दगडाचे दोन नंदी आहेत, तेही लेकरांना दाखवा. देणगी देणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, पण घडवणाऱ्या पाथरवटांची नाहीत. त्यांची सही म्हणजे ती नक्षीच.

म्हणूनच एक विनंती. गुलाल हा जोतिबाचा मान आहे, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण गुलालात तेल आणि पाणी मिसळलं की त्याचा चिकट थर बसतो आणि नक्षीच्या खाचा बुजतात. मग कुणी तो पत्र्यानं खरवडतं, आणि गुलालाबरोबर नक्षीची कडही जाते. तेव्हा गुलाल-खोबरं उधळायचं ते मोकळ्या आवारात, वर आभाळाकडे. खांबाला, नंदीला, भिंतीवरच्या मूर्तीला फासायचं नाही. दगडावर तेल ओतायचं नाही, चुन्यानं नावं लिहायची नाहीत. लेकरांनी विचारलं तर कारण सांगा, नुसतं दटावू नका.

सासनकाठी घरात पिढ्यान् पिढ्या जपली जाते. फाटला तर कपडा बदलतो, पिचला तर वेळू बदलतो. दगडातली नक्षी बदलून मिळत नाही. नावजीचं देऊळ आज आपल्याला दिसत नाही, राणोजींचं दिसतं. आपल्या नातींनाही ते असंच दिसावं, एवढं तर आपल्या हातात आहे.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!