कोल्ट्रेनचं १९५७ : एका वर्षाचे दोन हिशेब

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने आपल्या आयुष्यातल्या एका विशिष्ट काळाबद्दल दोनदा लिहिलंय. पहिल्यांदा सप्टेंबर १९६० मध्ये, 'डाउन बीट' या अमेरिकन जॅझ नियतकालिकात, डॉन डेमायकल यांच्या साह्याने. दुसऱ्यांदा 'अ लव्ह सुप्रीम' या तबकडीच्या वेष्टनावर. तिचं ध्वनिमुद्रण झालं ९ डिसेंबर १९६४ ला. दोन्ही ठिकाणी मागे वळून पाहणं आहे आणि दोन्हींच्या मध्यभागी १९५७ चे महिने आहेत. पण पहिल्या लेखात भेटतो तो एका वडीलधाऱ्या वादकाकडून हार्मनी आणि लय शिकणारा विद्यार्थी. दुसऱ्यात भेटतो तो ईश्वरकृपेने जागा झालेला माणूस. जॅझवर लिहिणाऱ्यांना दुसरी कथा फार प्रिय आहे. तिच्यात पतन आहे, उद्धार आहे. मला मात्र त्या वर्षाचं संगीत समजून घ्यायला पहिली जास्त कामाची वाटते.

आधीची थकबाकी

कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ चा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हॅम्लेट गावचा. दोन्ही आजोबा धर्मोपदेशक. वडील तो बारा वर्षांचा असताना गेले. १९४३ मध्ये तो फिलाडेल्फियाला आला, तिथल्या ग्रॅनॉफ स्टुडिओत शिकला, डिझी गिलेस्पीच्या ताफ्यात वाजवलं, जॉनी हॉजेसबरोबर वाजवलं. हॉजेसकडची नोकरी हेरॉइनच्या व्यसनापायी गेली. १९५५ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पंचकात घेतलं आणि ऐकणाऱ्यांत दोन तट पडले : कुणाला त्याचा टेनर सॅक्सोफोन कर्कश, चाचपडणारा वाटे, कुणाला त्यात काहीतरी नवं ऐकू येई.

मंचावर पेंगणारा, उशिरा येणारा, मळके कपडे घालणारा वादक माइल्सला किती दिवस चालणार? माइल्सने आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय की १९५६ च्या शरद ऋतूत एका रात्री त्याने रागाच्या भरात कोल्ट्रेनवर हात उगारला. पियानोवादक थेलोनिअस मंक तिथे होता. इतकं चांगलं वाजवणाऱ्याने हे सहन करू नये, माझ्याकडे ये, असं त्याने कोल्ट्रेनला सांगितलं. प्रसंग माइल्सच्या तोंडचा आहे, त्यामुळे त्यात थोडी नाट्यमयता धरून चालावी. नोकरी मात्र एप्रिल १९५७ मध्ये खरोखरच गेली. त्याच्या जागी आला सॉनी रोलिन्स, जो स्वतः हेरॉइनमधून नुकताच बाहेर पडला होता.

(याच रोलिन्सने पुढे साठच्या दशकाच्या अखेरीला मुंबईत पवईच्या आश्रमात काही काळ काढला, आणि १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात वाजवलं. आपल्याकडच्या जुन्या जॅझवेड्यांना कोल्ट्रेनपेक्षा तो जवळचा वाटतो, तो यामुळे.)

एप्रिल

कोल्ट्रेन फिलाडेल्फियाला परतला, उत्तर ३३ व्या रस्त्यावरच्या घरी. तिथे आई होती, बायको नायमा होती, तिची लहान मुलगी होती. त्या वसंतात त्याने दारू आणि हेरॉइन दोन्ही एकदम सोडलं. हळूहळू मात्रा कमी करत नेणं नाही, तात्पुरती पर्यायी औषधं नाहीत. खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि घरातल्या बायकांनी त्याला सांभाळलं. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करला जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. शेवट काय होतो ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

चरित्रकार इथे पानंच्या पानं रमतात. मला लक्षात घ्यावीशी वाटते ती एक तारीख. १६ एप्रिलला, म्हणजे याच धामधुमीत, कोल्ट्रेन न्यूयॉर्कच्या स्टुडिओत मंकबरोबर 'मंक्स मूड' वाजवतो. पियानो, विल्बर वेअरचा बास आणि हा, ड्रम नाहीत. संथ चाल, प्रत्येक स्वर उघडा पडणारी. आधी बरं व्हायचं आणि मग वाजवायचं, असा क्रम त्या वर्षात दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी चाललेलं होतं.

मंकच्या घरची तालीम

मंक मॅनहॅटनमध्ये पश्चिमेकडच्या ६३ व्या रस्त्यावर एका छोट्या घरात राहायचा. कोल्ट्रेन सकाळी तिथे जाऊन त्याला उठवायचा. मंक पियानोवर बसून स्वतःची एखादी चाल वाजवू लागे आणि कोल्ट्रेन ती सॅक्सोफोनवर शोधत बसे. अडला की मंक तो तुकडा पुन्हा वाजवी, पुन्हा वाजवी. लिहिलेला कागद त्याच्याकडे असे, पण अगदीच गाडी अडल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही. कधी मंक याला चालीशी झुंजायला सोडून बाहेर निघून जाई. दिवसाकाठी एखादीच चाल हाती लागे. समोर बसून, कानावर घेऊन गळ्यात उतरवण्याची पद्धत आपल्या वाचकाला नवी नाही. कोल्ट्रेनने मात्र फिलाडेल्फियात पुस्तकी शिक्षण घेतलं होतं.

यातून त्याला नेमकं काय मिळालं ते १९६० च्या लेखात आहे, आणि ते बरंच तांत्रिक आहे. टेनरवर एकाच वेळी दोन-तीन स्वर कसे काढायचे याची वाट मंकने दाखवली. सॅक्सोफोन हे एका वेळी एकच स्वर देणारं वाद्य. बोटांची वेगळी ठेवण आणि ओठांचा वेगळा दाब यांनी त्यातून एकाहून जास्त स्वर फुटतात. मंक स्वतः सॅक्सोफोन वाजवत नव्हता, पण दुसऱ्याच्या वाद्यातलं शक्य-अशक्य त्याला कळे. दुसरी गोष्ट म्हणजे लांब सोलो. एकाच चालीवर न थकता, नवं काही सापडेपर्यंत वाजवत राहण्याची सवय इथली.

कूपर स्क्वेअर, क्रमांक ५

दारू विकणाऱ्या जागी वाजवायचं तर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावं लागे, ज्याला कॅबरे कार्ड म्हणत. अमली पदार्थांच्या एका प्रकरणानंतर मंकचं कार्ड १९५१ मध्ये गेलं होतं. ते १९५७ मध्ये परत मिळालं आणि जुलैत बावरी भागातल्या 'फाइव्ह स्पॉट' या छोट्या बारमध्ये त्याला दीर्घ मुक्कामाचं काम मिळालं. टर्मिनी बंधूंची ही जागा. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे चित्रकार, शिल्पकार, कवी. विलेम द कूनिंग आणि फ्रान्झ क्लाइन इथे येत. जुलैच्या मध्यात कोल्ट्रेन तिथे रुजू झाला आणि वर्ष संपेपर्यंत राहिला. बासवर आधी विल्बर वेअर, मग अहमद अब्दुल-मलिक. ड्रमवर शॅडो विल्सन.

जॅझच्या चौकटीत सोलो चालू असताना मागे पियानो कॉर्ड देत राहतो. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार किंवा अधिक स्वर. ठरलेल्या मात्रांनंतर ते बदलतात, आणि कोणत्या कॉर्डवर आपण आहोत ते वादकाला त्यावरून उमजतं. मंक हा आधार अनपेक्षित जागी देई, किंवा मुळीच देत नसे. कोल्ट्रेनचा सोलो रंगात आला की तो पियानोवरून उठायचा, बाजूला स्वतःभोवती गिरक्या घेत नाचायचा, आणि हा पंधरा-वीस मिनिटं फक्त बास आणि ड्रमच्या सोबतीने वाजवत राहायचा. मंकबरोबर वाजवताना क्षणभर लक्ष ढळलं तर रिकाम्या लिफ्टच्या विहिरीत पाय टाकल्यासारखं होई, असं कोल्ट्रेन म्हणत असे.

इथे माझा एक तर्क. पियानो गप्प असेल तर कॉर्ड दाखवण्याची जबाबदारी सॅक्सोफोनवर येते. एका वेळी एकच स्वर काढणाऱ्याने तीन-चार स्वरांचा पुंजका दाखवायचा तर ते स्वर अतिशय वेगात एकामागोमाग फेकावे लागतात. पुढच्या वर्षी समीक्षक आयरा गिटलरने कोल्ट्रेनच्या ज्या वादनाला 'शीट्स ऑफ साउंड', स्वरांच्या सलग चादरी, असं नाव दिलं, त्याचं एक कारण या रिकाम्या पियानोत असावं. खुद्द कोल्ट्रेनने दिलेलं स्पष्टीकरण असं : एका कॉर्डवर तो आणखी कॉर्ड रचून पाहत होता, आणि सगळे स्वर मात्रांत मावेनात म्हणून ते पाच-पाच, सात-सातच्या विषम गटांत बसवावे लागले. ज्यांना खंड आणि मिश्र जाती ठाऊक आहेत त्यांनी हे ऐकताना बोटांवर मोजून पाहावं. मजा येते.

शुक्रवारची मजुरी, रविवारचं काम

रात्री फाइव्ह स्पॉट आणि दिवसा स्टुडिओ, असं ते वर्ष गेलं. 'प्रेस्टिज' कंपनीशी त्याचा करार झाला होता. ध्वनिमुद्रण न्यू जर्सीत हॅकेनसॅकला, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात. व्हॅन गेल्डर तेव्हा पोटासाठी चष्म्याचे नंबर काढत असे. प्रेस्टिजची रीत साधी होती : लोक जमवायचे, तालीम न करता वाजवायचं, घरी जायचं. कोल्ट्रेनच्या नावावरची पहिली तबकडी ३१ मेची, शुक्रवारची. तिच्यात 'स्ट्रेट स्ट्रीट' नावाची त्याची स्वतःची चाल आहे. १६ ऑगस्टला, पुन्हा शुक्रवारीच, पियानोवादक उगवलाच नाही, म्हणून बास आणि ड्रमवर भागवलं. फाइव्ह स्पॉटवर महिनाभर हेच केलेल्या माणसाला त्याचं काय! ते तुकडे पुढे 'लश लाइफ' तबकडीत आले.

'ब्लू नोट' कंपनीची रीत वेगळी. तिचे चालक आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ तालमीचेही पैसे देत. प्रेस्टिजच्या करारातून एका तबकडीपुरती वाट काढून १५ सप्टेंबरला, रविवारी, त्याच दिवाणखान्यात 'ब्लू ट्रेन' झाली. ली मॉर्गन ट्रम्पेटवर, वय एकोणीस. कर्टिस फुलर ट्रॉम्बोनवर, केनी ड्रू पियानोवर. बास आणि ड्रमवर पॉल चेंबर्स आणि फिली जो जोन्स, हे दोघे माइल्सच्या पंचकातले जुने सोबती. पाच चालींपैकी चार कोल्ट्रेनच्या. 'मोमेंट्स नोटिस'मध्ये कॉर्ड इतक्या भराभर बदलतात की दोन वर्षांनंतरच्या त्याच्याच 'जायंट स्टेप्स'ची वाट तिथूनच दिसते. बाकीच्यांच्या सोलोंत थोडी तारांबळ ऐकू येते. कोल्ट्रेन सरळ निघून जातो. त्या वर्षी त्याने काय कमावलं याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

एक रात्र, ४८ वर्षं

फाइव्ह स्पॉटवरचं हे चौकडीचं वादन मात्र कुणी धड मुद्रित केलं नाही. मंक एका कंपनीशी बांधलेला, कोल्ट्रेन दुसऱ्या. जुलैत स्टुडिओत केलेल्या तीन चाली १९६१ पर्यंत बाजारात आल्या नाहीत. दंतकथा तयार व्हायला एवढं पुरेसं होतं.

मग २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओच्या फितींचं संगणकीकरण चालू असताना लॅरी ॲपलबॉम यांना एका मैफलीच्या मुद्रणाचे काही डबे सापडले. २९ नोव्हेंबर १९५७ ला, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, कार्नेगी हॉलमध्ये मॉर्निंगसाइड कम्युनिटी सेंटरच्या मदतीसाठी ही मैफल झाली होती. बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी, रे चार्ल्स, सॉनी रोलिन्स असे दिग्गज एकाच फलकावर, आणि त्यांच्यात मंकची चौकडी. दोन खेळ झाले. चौकडीचं वादन पन्नासएक मिनिटांचं निघालं आणि २००५ मध्येच प्रसिद्ध झालं.

एप्रिलचं 'मंक्स मूड' आणि इथलं 'मंक्स मूड' लागोपाठ ऐकावं. एप्रिलमध्ये कोल्ट्रेन वाट पाहतो, मंकच्या मागून जपून जातो. नोव्हेंबरमध्ये तो मंकच्या फटींत स्वर भरतो, आणि मंकही त्याला जागा देऊन उत्तर ऐकत बसतो.

दोन हिशेब

१९५८ च्या सुरुवातीला कोल्ट्रेन माइल्सकडे परतला. आता त्याला कुणी काढणार नव्हतं.

१९६० मध्ये लिहिताना तो तेहतिशीचा आहे, स्वतःची चौकडी नुकतीच उभी राहतेय आणि त्याच्या डोक्यात हार्मनी घोळतेय. म्हणून लेखात मंक आहे, माइल्स आहे, कॉर्ड आहेत. १९६४ मध्ये तो वेष्टनावर श्रोत्याला पत्र लिहितो : १९५७ मध्ये ईश्वरकृपेने जाग आली, संगीतातून इतरांना आनंद देण्याचं साधन मी मागितलं आणि ते मिळालं. इथे मंकचं नाव नाही. पण याच पत्रात एक कबुली आहे, जी भाविक वाचक घाईने ओलांडतात : त्या जागेपणानंतर मध्ये अनिश्चिततेचा काळ आला आणि आपण त्या मार्गावरून ढळलो.

या कबुलीमुळे मला दुसरा हिशेबही पटतो. कृपेची कथा सांगणारा माणूस सहसा मधली घसरण लपवतो. याने ती छापून दिली. तरीही १९५७ च्या संगीतात भक्ती शोधू नये. 'अ लव्ह सुप्रीम'ची प्रार्थना त्या तबकड्यांवर मागाहून लादणं हा आपला आळस आहे. तिथे ऐकू येतो तो शुद्धीवर आलेला, भुकेला, अतिशय मेहनती वादक. भारतीय संगीताची ओढ, 'इंडिया' ही १९६१ ची चाल, रविशंकरांची भेट, त्यांच्यावरून १९६५ मध्ये मुलाचं ठेवलेलं रवी हे नाव, हे सगळं नंतरचं.

ऐकायला बसाल तर

सुरुवात 'ब्लू ट्रेन'च्या शीर्षक-चालीने करावी. बारा मात्राखंडांचा ब्लूज आहे, नवख्या कानालाही मुखडा लगेच पकडता येतो. मग मंकच्या 'मंक्स म्युझिक'मधलं 'वेल यू नीडंट' : जूनमधलं मुद्रण, त्यात मंक पियानोवरून कोल्ट्रेनला नावाने हाका मारतो त्या स्पष्ट ऐकू येतात. कार्नेगी हॉल त्यानंतर, दिवे मालवून नव्हे तर पूर्ण लक्ष देऊन. आणि १९९३ मध्ये निघालेली, नायमाने घरगुती यंत्रावर टिपलेली फाइव्ह स्पॉटची एक तबकडी मिळते. ती १९५७ ची म्हणून विकली गेली, पण मुद्रण सप्टेंबर १९५८ चं, कोल्ट्रेन एका रात्रीपुरता मंककडे बदली वादक म्हणून गेला तेव्हाचं आहे. आवाज खरखरीत आहे. घ्यायलाच हवी अशी नाही.